ऑक्टोबरात लावायच्या पिओनी

सुनीती निवृत्त झाली त्या दिवशी लॅबमधल्या लोकांनी तिला फुलांचा गुच्छ दिला. फुलांचा म्हणजे खरं तर कळ्यांचाच. जाड हिरव्या देठांवर लिंबाएवढ्या घट्ट, गोल कळ्या. कार्डिफच्या त्या हॉस्पिटलात रक्ताचे नमुने तपासण्यात तिची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. केक कापला गेला, मॅनेजर दोन शब्द बोलला, तिनेही बोलायचं म्हणून आभार मानले. मग गुच्छ गाडीत शेजारच्या सीटवर ठेवून ती घरी आली. वळणावर गुच्छ घरंगळू नये म्हणून तिने त्याला सीटबेल्ट लावला होता.

घरी कुणी नव्हतं. तिचा नवरा चंद्रशेखर तिच्याआधी निवृत्त झाला होता आणि कौन्सिलमधली इंजिनीअरची नोकरी संपवून पुण्याला परत गेला होता. ठरलं होतं ते असं, की त्याने पुढे जाऊन कोथरूडचा फ्लॅट ताब्यात घ्यायचा, नीट लावून घ्यायचा, आणि नोकरी संपली की तिने मागोमाग जायचं. त्यांना मूल नव्हतं. इथे मागे राहावं असं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचं आधण ठेवताना तिने पाहिलं तर एक कळी सैल झाली होती. दुपारपर्यंत तिचं बशीएवढं फूल झालं, फिकट गुलाबी, आत पाकळ्यांचे थरावर थर. संध्याकाळी दुसरी उमलायला लागली. त्या आठवड्यात सुनीतीला कुठे जायचं नव्हतं, कुणी बोलावलं नव्हतं. पण उठलं की आधी खाली जाऊन आज कुठली उमलली ते बघायचं, एवढं एक काम तिला मिळालं. मग फुलं गळायला लागली. ती पाकळी-पाकळीने गळत नव्हती, सबंध फूल एकदम टेबलावर कोसळायचं. ती पुढच्या खोलीत बसलेली असली तरी तिला तो धप्प आवाज ऐकू यायचा, इतकं घर शांत होतं.

चंद्रशेखरचा फोन दर रविवारी सकाळी यायचा. त्या रविवारीही आला.

"मोकळी झालीस एकदाची!" तो खुशीत होता. त्याच्यामागे मिक्सरचा आवाज, कुणाचं तरी हसणं. वरच्याच मजल्यावर त्याचा धाकटा भाऊ सतीश राहायचा, त्यामुळे त्याच्याकडे कायम कुणी ना कुणी असायचं. "आता सांग, किचनचा ओटा काळा ग्रॅनाईट करू का हिरवा? माणूस उद्या येतोय."

"तुम्हाला आवडेल तो करा."

"अगं, स्वयंपाक तू करणार, मला काय विचारतेस? बरं, काळाच करतो. आणि तिकीट कधीचं काढायचं? दिवाळीच्या आधी आलीस तर बरं."

"बघते," ती म्हणाली. "इथलं जरा आवरते आधी."

फोन ठेवल्यावर ती मागच्या दारात उभी राहिली. मागे चंद्रशेखरचा भाजीचा वाफा होता. तो असताना तिथे मेथी, कोथिंबीर, टोमॅटो, एका वर्षी तर दुधीसुद्धा झाला होता. बागेचं सगळं तोच बघायचा. तिने कधी साधी खुरपी हातात धरली नव्हती. तो गेल्यापासून वाफ्यात नुसतं तण माजलं होतं. जागा मात्र उन्हाची होती.

गुच्छ ज्या दुकानातून आला होता तिथे जाऊन तिने फुलाचं नाव विचारलं. पिओनी. लायब्ररीतून पुस्तक आणलं, आणि त्यात एक-दोन नाही, पानंच्या पानं जाती निघाल्या. हिअरफर्डच्या बाजूला पिओनीचीच एक नर्सरी आहे, जूनमध्ये फुलांचं शेत बघायला लोकांना येऊ देतात, असंही कळलं.

"मावशी, मी पण येते!" कस्तुरी म्हणाली होती. कस्तुरी नागपूरची. नवऱ्याच्या आयटीच्या नोकरीमुळे कार्डिफला आलेली, पलीकडच्या रस्त्यावर भाड्याने राहणारी. कधी संध्याकाळी चहाला यायची तेव्हा घरात मराठी ऐकू यायचं. पण शनिवारी सकाळी तिचा फोन आला. नवऱ्याच्या ऑफिसातले लोक जेवायला येणार होते, ते आत्ताच कळलं होतं. "सॉरी हं मावशी. नेक्स्ट वीकला जायचं का?"

"अगं, तोवर फुलं संपतील," सुनीती म्हणाली. "जाऊन येते मी एकटी."

वाटेतलं एबरगेव्हनी गाव सोडलं आणि पाऊस लागला. नर्सरीच्या फाटकापाशी पोचेपर्यंत तो चांगलाच वाढला होता. गाड्या लावायच्या मैदानात तिची एकच गाडी. शेडमधून एक उंच, पांढऱ्या केसांची बाई मोठी छत्री घेऊन बाहेर आली. त्या मिसेस बेव्हन, नर्सरीच्या मालकीणबाई.

"अशा पावसात आलात म्हणजे तुम्हाला खरंच झाड हवंय," त्या म्हणाल्या. "चला. वाईट दिवशी बघितलेलं चांगलं. उन्हात सगळीच छान दिसतात."

शेत पाहून सुनीती थबकली. पुस्तकातल्या चित्रांत पाहिलेली ती भरगच्च फुलं चिखलात तोंड खुपसून पडली होती. शंभर पाकळ्यांची फुलं पाणी पिऊन इतकी जड झाली होती की देठ वाकून मोडले होते. मिसेस बेव्हननी एक फूल उचलून झटकलं. त्यातून वाटीभर पाणी पडलं.

"ही सारा बर्नहार्ट. सगळ्यांना हीच हवी असते. फुलवाले हीच विकतात. पण बाहेर लावली की दर जूनमध्ये ही अशी. आता इकडे बघा."

पलीकडच्या रांगेतली झाडं ताठ उभी होती. साधी, एकेरी पाकळ्यांची पांढरी फुलं, मधे पिवळ्या केसरांचा झुपका. पावसात त्यांनी पाकळ्या मिटून घेतल्या होत्या. "व्हाइट विंग्ज. एकेरी आहे, म्हणून पाणी धरत नाही." तिच्या शेजारी बोल ऑफ ब्यूटी होती, बाहेरून गडद गुलाबी पाकळ्या आणि आत दुधावरच्या सायीच्या रंगाच्या बारीक पट्ट्यांचा गोळा. आणखी एक लालभडक होती, रुब्रा प्लेना, सगळ्यांच्या आधी फुलणारी, पण तिचा बहर केव्हाच सरला होता. राहिली होती नुसती पानं.

सुनीती छत्रीखालून वाकून एकेक बघत होती. वास घेत होती. बोल ऑफ ब्यूटीला वास होता पण हलका, व्हाइट विंग्जला अधिक गोड. कुठली किती उंच होते, कुठलीला काठी लागते, ते ती विचारत होती. आपण इतके प्रश्न विचारतोय याचं तिचं तिलाच नवल वाटलं. फ्लॅटमधल्या ओट्याचा रंग, पडदे, फरशी, सगळ्याला तिने 'तुम्हाला आवडेल ते' म्हटलं होतं.

"झाड कुठे लावणार?" मिसेस बेव्हननी विचारलं.

"मागे, जुन्या भाजीच्या वाफ्यात. ऊन असतं दिवसभर. माती चिकट आहे."

"चालेल. भाजीला खत घातलेली असेल तर उत्तमच. ऑक्टोबरमध्ये मुळं पाठवते. पहिल्या वर्षी फुलाची वाट बघू नका. दुसऱ्या वर्षी आलं तर एखादं. तिसऱ्या वर्षी खरं झाड दिसतं. म्हणून मी सगळ्यांना विचारते, त्या घरात राहणार आहात ना तुम्ही?"

पाऊस छत्रीवर वाजत होता.

"नंतर हलवलं तर मरतं का?" तिने विचारलं.

"मरत नाही. लोक म्हणतात तसं, पण ते काही खरं नाही. हलवलं की रुसतं. दोनेक वर्षं फूल देत नाही, मग देतं."

म्हणजे राहायचं की जायचं ते झाडाच्या नावावर ढकलता येणार नव्हतं.

"मी राहणार आहे," सुनीती म्हणाली.

"छान," मिसेस बेव्हन म्हणाल्या आणि पुढच्या रांगेकडे वळल्या.

तिने तीन सांगितल्या. व्हाइट विंग्ज, बोल ऑफ ब्यूटी, आणि तिसरी, गुच्छातली तीच फिकट गुलाबी, सारा बर्नहार्ट.

"ती पडणारी आहे, आत्ताच दाखवली तुम्हाला."

"मी बांधून ठेवीन," सुनीती म्हणाली.

गाडीत येऊन बसल्यावर तिने इंजिन सुरू करून हीटर लावला. काचेवर वाफ धरली आणि बाहेरचं काही दिसेना. जे नवऱ्याला तीन वर्षांत सांगता आलं नाही, स्वतःशीसुद्धा नीट म्हणता आलं नाही, ते आपण एका परक्या बाईला सांगून बसलो. आणि ते सांगून झाल्यावर आनंदसुद्धा झाला नाही. या देशात राहावं असं इथे तरी तिचं काय होतं? लॅब संपली होती. लॅबमधले लोक चांगले होते, पण लॅबपुरते. ती बराच वेळ तशीच बसून राहिली. काच निवळली आणि मिसेस बेव्हन शेडच्या दारातून बघतायत असं दिसलं, तेव्हा तिने गाडी फाटकाकडे वळवली.

त्या उन्हाळ्यात ती रविवारच्या फोनवर दर वेळी 'बघते' म्हणत राहिली. शेवटी चंद्रशेखरनेच ठरवलं. "मीच येतो ऑक्टोबरमध्ये. घर विकायला काढू, सामान बांधू, आणि बरोबरच परत येऊ."

तो आला. पुण्याच्या उन्हाने थोडा रापलेला, पोट कमी झालेलं, अंगात उत्साह. आल्या दिवसापासून तो कपाटं उघडून 'हे न्यायचं, हे चॅरिटी शॉपला' असं करत घरभर फिरत होता. ती त्याच्या मागून जायची, वस्तू उचलायची आणि परत ठेवायची. रोज सकाळी ठरवायची की आज सांगायचं. मग तो चहा पिताना पुण्यातल्या टेकडीवरच्या त्याच्या मित्रांचं काहीतरी सांगायला लागायचा, आणि त्याचा चेहरा इतका मोकळा दिसायचा की तिच्या तोंडून शब्द फुटायचा नाही.

आणि एका सकाळी पार्सल आलं. दार त्यानेच उघडलं. पुठ्ठ्याचा खोका त्याने स्वयंपाकघराच्या टेबलावर उघडला. आत भुश्शात गुंडाळलेली मातकट, वेडीवाकडी मुळं.

"ही काय, रताळी मागवलीस?"

"पिओनी आहेत. फुलझाडं."

त्याने एक मूळ हातात घेऊन फिरवलं. त्याच्या टोकाला लालसर फुगीर कोंब होते, उसाच्या कांडीला डोळे असतात तसे. बागेतलं त्याला कळायचं. "हे आत्ता लावायचं? आणि फुलणार कधी?"

"तिसऱ्या वर्षी."

तो हसला, आणि मग हसायचा थांबला. मूळ त्याने हळूच खोक्यात ठेवलं. खुर्ची ओढून बसला.

"घर घेणाऱ्यांसाठी लावतेस का?" त्याने विचारलं. त्याच्या आवाजावरून कळत होतं की ते तसं नाही हे त्याला समजलंय.

"नाही. मी येत नाहीये, अहो."

बाहेर शेजाऱ्यांचा कुत्रा भुंकत होता.

"कधी ठरवलंस?"

"जूनमध्ये बोलले मी कुणाजवळ तरी. ठरलं कधी ते माहीत नाही."

"मला सांगायचं होतंस सुनीती. मी तिकडे ओटा बांधतोय, कपाटं करतोय. इतके रविवार विचारत होतो."

"तुम्ही तारीख विचारत होतात. येणार का, असं नाही विचारलंत."

"त्यात विचारायचं काय? ठरलं होतं आपलं."

"हो. ठरलं होतं."

त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "काय कमी आहे तिकडे? इथे कोण आहे तुझं? दिवसभर कुणाशी बोलतेस तू? तिकडे सतीश आहे, पोरं आहेत, माणसं आहेत. एकटी नसशील."

"मागच्या डिसेंबरात आले होते ना मी. एवढ्या माणसांत होते." ती सावकाश बोलत होती, कारण हे तिने कधी शब्दांत मांडून पाहिलं नव्हतं. "मला सगळे बाटलीतलं पाणी देत होते. माझी आमटी वेगळी काढायचे, कमी तिखटाची. मी साताऱ्याची आहे, अहो. कुणी काही हातात देईना करायला. खुर्ची द्यायचे. सगळे चांगलेच वागले. पण मी महिनाभर त्या खुर्चीवर बसून होते."

"ते पहिल्यांदा होतं तसं. नंतर सवय होते."

"तुम्हाला झाली."

"हो," तो म्हणाला. "मला झाली. खोटं कशाला बोलू, मी तिथे एकटा नाहीये." मग म्हणाला, "मी इथे परत येऊ शकत नाही. या अंधारात, या थंडीत... नाही जमणार मला आता."

"मी या म्हणत नाहीये."

"म्हणत नाहीस, तेही दिसतंय."

हे लागलं तिला. पण ते खरं होतं.

त्याने खोक्यात बोट घालून पुन्हा एक मूळ चाचपलं. "हे नंतर काढून नेता येत नाही?"

खोटं बोलणं सोपं होतं. "येतं," ती म्हणाली. "रुसतं थोडं, मग फुलतं."

त्याने मान हलवली.

त्या दिवशी जेवताना दोघं मिठाचं भांडं द्या-घ्यापुरतं बोलली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाली आली तर मागचं दार उघडं होतं. चंद्रशेखर जुने बूट घालून वाफा खणत होता. तण उपसून त्याने एका बाजूला ढीग केला होता.

"त्या कोपऱ्यात लावू नकोस," तो मान वर न करता म्हणाला. "खाली ड्रेनेजचा पाइप आहे. तुला माहीत नसेल."

"नव्हतं माहीत."

त्याने भाजीसाठी खणायचा तसा खोल खड्डा खणला आणि मूळ तळाशी ठेवायला वाकला. तिने त्याचा हात धरला. "इतकं खाली नाही. डोळ्यांवर दोन बोटं माती, तेवढीच. जास्त झाली तर नुसती पानं येतात, फुलत नाही."

"कुणी सांगितलं?"

"नर्सरीतल्या बाईंनी."

त्याने खड्डा अर्धा बुजवला. तिने मूळ ठेवलं, डोळे वर करून धरलं, त्याने बाजूने माती लोटली. तिन्ही लावून होईपर्यंत ऊन आलं होतं. तो कमरेवर हात ठेवून सरळ झाला, तेव्हा किती दिवसांनी दोघांनी मिळून एक काम केलं असं तिला वाटलं. 'थांबा' म्हणावं असंही क्षणभर मनात आलं. पण तो इथे थांबला असता तर आपल्यासारखाच दारात उभा राहून दिवस मोजत बसला असता, हे तिला कळत होतं.

ठरलेल्या दिवशी तो एकटाच गेला. घर विकायचं राहिलं. बसस्टेशनवर हीथ्रोच्या कोचमध्ये चढताना तो म्हणाला, "रविवारी करतो फोन." आणि खरंच केला, एकही रविवार न चुकवता. त्यात रागाचं काही नसायचं. लोकांना दोघांनी एकच सांगितलं, की तिची कार्डिफची कामं अजून आटपायची आहेत. वर्षभराने लोकांनी विचारणं सोडलं.

पहिल्या वसंतात जमिनीतून लालबुंद कोंब वर आले, बोटांसारखे. त्यांची पानं झाली, आणि तेवढंच. त्याच सुमारास कस्तुरीच्या नवऱ्याला लंडनमध्ये काम मिळालं आणि ती तिथल्या एजवेअर भागात राहायला गेली. निघायच्या दिवशी ती सुनीतीला मिठी मारून रडली. "तिथे म्हणे आपले खूप लोक आहेत मावशी. तुम्ही या ना राहायला." सुनीती एकदा जाऊनही आली. त्यानंतर कस्तुरीला मुलगी झाली आणि फोन आपोआप कमी झाले.

आठवड्यातून एक दिवस सुनीती लायब्ररीत जायची, एक दिवस बाजारात. कधी कधी दुपारी चार वाजता तिच्या लक्षात यायचं की आज आपण तोंडच उघडलेलं नाही. मग ती मागे जाऊन झाडांपाशी काहीबाही बोलायची. फार काही नाही, मावा पडलाय का, पाणी हवंय का, एवढंच. आपलं चुकलं का, हा प्रश्न हिवाळ्यात जास्त यायचा. पुण्याच्या त्या खुर्चीची आठवण काढून ती त्याला उत्तर द्यायची. काही दिवस ते उत्तर पुरायचं, काही दिवस पुरायचं नाही.

दुसऱ्या वर्षी व्हाइट विंग्जला एक कळी आली, ती कळीतच काळी पडून सुकली. तिसऱ्या वर्षी मात्र पांढऱ्या फुलांनी झाड भरलं, बोल ऑफ ब्यूटीला चार-पाच आली, आणि सारा बर्नहार्टला तिने वेळेवर काठ्या आणि सुतळी लावली होती, त्यामुळे तीही उभी राहिली. दुपारी एकच्या उन्हात सुनीती वाफ्यापाशी उभी होती. पांढऱ्या पाकळ्या पुऱ्या उघडल्या होत्या आणि केसरांत मधमाश्या घोंगावत होत्या. शेजारच्या घरात नवे भाडेकरू होते, ते कामावर गेलेले. रस्त्यावरून कुणी चालत जात नव्हतं. इतकं फुललेलं एकटीनेच बघायचं, हे तिला अवघड वाटलं.

ती आत आली आणि पुण्याचा नंबर लावला. रविवार नव्हता. आपण होऊन तिने बहुधा कधीच फोन केला नव्हता. बऱ्याच रिंग वाजल्यावर एका तरुण मुलीने उचलला. ती अक्षया, सतीशची सून.

"काकू? सगळं ठीक ना?"

"हो, हो. ठीक आहे. आहेत का ते?"

"काका आत्ताच टेकडीवर गेले फिरायला. मोबाइल इथेच राहिलाय त्यांचा. काही निरोप देऊ का?"

मागे कुकरची शिट्टी झाली. एक लहान मूल काहीतरी हट्टाने मागत होतं. अक्षयाने त्याला "थांब रे" म्हटलं.

"नाही, विशेष काही नाही," सुनीती म्हणाली. मग घाईघाईने म्हणाली, "झाडांना फुलं आलीत, एवढं सांग त्यांना."

"कुठल्या झाडांना?"

"त्यांना माहीत आहे."

"बरं काकू, सांगते हं," अक्षया म्हणाली, आणि कुकरची दुसरी शिट्टी होता होता तिने फोन ठेवला.

सुनीतीने थोडा वेळ रिसीव्हर हातातच धरला. मग तो जागेवर ठेवला, खुंटीवरची उन्हाची टोपी घेतली आणि पुन्हा मागे गेली. वारा सुटला होता. सारा बर्नहार्टची एक फांदी सुतळीतून निसटली होती, ती तिने उचलून काठीला बांधली.